चार वाजताचा खाऊ: पाळणाघरातल्या नोंदी

3 जून 2024, सोमवार

आजपासून बिस्किटांचा डबा बंद. डबा आहे तिथेच, फ्रीजवर, पण आता त्यात लाइटची बिलं आणि रबरबँड भरून ठेवलेत म्हणजे परत भरायचा मोह नको.

हे सगळं कसं सुरू झालं ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच आठवायचं नाही. डोंबिवली पूर्वेला माझं घरातच पाळणाघर आहे, बारा वर्षं झाली, सध्या सात मुलं. दुपारचं जेवण घरून डब्यात येतं, वरणभात, पोळी कुस्करून, भाजी, त्यात फार बोलण्यासारखं नसतं. बोंब आहे ती चार वाजताच्या खाऊची. झोपून उठली की सगळ्यांना भूक लागते आणि मग निघतात पुडे. कोणाची ग्लुकोज बिस्किटं, कोणाचे चिप्स, एकीचा तर रोज तोच पाकिटातला केक. आईबापांना मी नावं ठेवणार नाही, सकाळी साडेसातला पोराला इथे सोडून फास्ट लोकल गाठायची त्यांनी चार वाजताचा विचार कधी करायचा. मी स्वतः बारा वर्षं हाच डबा भरत आले की. पण एप्रिलमध्ये ती बातमी आली ना, बाळांच्या पाकिटातल्या खाण्यात वरून साखर घालतात म्हणून, तेव्हा पहिल्यांदा चष्मा लावून बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचली. 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या वर साखर. म्हणजे पाव हिस्सा साखरच झाली की, आणि हे आपण दीड वर्षाच्या मुलाला दुधात बुडवून देतो आणि म्हणतो हलकं असतं पोटाला.

तर ठरलंय असं की चार वाजताचा खाऊ सगळ्यांना एकच, मी करणार, मुलामागे महिना 250 रुपये जास्तीचे, गणपतीपर्यंत करून बघू जमलं तर पुढे. पाच घरं लगेच तयार, एक घर म्हणालं बघू. नोंदी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेनाने करते आणि रात्री इथे टाइप करते.

मुलांची खरी नावं लिहीत नाही, मी ठेवलेली लिहिते. छोटू 9 महिने, बबडी 14 महिने, ढोल्या दीड वर्ष, सोनू-मोनू जुळे 20 महिन्यांचे, परी 2 वर्षं आणि शास्त्रीबुवा अडीच वर्षांचे, ज्यांना प्रत्येक गोष्टीचं "का" लागतं.

4 जून, मंगळवार

लोकसभेच्या निकालाचा दिवस, हे सकाळपासून टीव्हीसमोर, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

पहिला पदार्थ मुद्दाम सोपा घेतला, रताळं. कुकरमध्ये वाफवलं, साल काढली, बोटाएवढे जाड लांब तुकडे केले, वरून तूप आणि जिऱ्याची पूड. मीठ नाही साखर नाही. पाच जणांनी खाल्लं. शास्त्रीबुवांनी "हा बटाटा गोड का झाला" असं विचारून विचारून तीन तुकडे संपवले. परीने हात लावला नाही, तिला केक हवा होता, रडली, पंधरा मिनिटं.

छोटूचं मात्र भलतंच झालं. त्याच्या हातात एक तुकडा दिला, त्याने तोंडात घातला आणि लगेच उबळ आली, डोळ्यात पाणी, तोंड लाल, खोकला. माझे हातपाय गार पडले. उचलून पाठ थोपटली तोवर त्याने तुकडा स्वतःच बाहेर काढला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. मी नंतर अर्धा तास नुसती बसून होते.

6 जून, गुरुवार

छोटूच्या आईबरोबर त्याच्या डॉक्टरांकडे गेले, मुद्दाम गेले, मला स्वतःला विचारायचं होतं. बरं झालं गेले.

एक तर उबळ येणं वेगळं आणि घशात अडकणं वेगळं. उबळीत आवाज असतो, खोकला असतो, चेहरा लाल होतो, मूल स्वतःच पदार्थ पुढे ढकलतं, तेव्हा आपण तोंडात बोट घालायचं नाही, उलट तुकडा आत जातो. खरं अडकलं की आवाज बंद होतो, मूल रडूही शकत नाही, निळं पडायला लागतं. तसं झालं तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थोपटे, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, परत थोपटे, आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी मदत बोलवायची. डॉक्टरांनी बाहुलीवर करून दाखवलं आणि माझ्याकडून दोनदा करून घेतलं. बारा वर्षं पाळणाघर चालवते आणि हे मला आज कळलं, लाज वाटली खरं तर.

दुसरं, छोटूला उबळ का आली तर त्याला सगळं मिक्सरमधून काढलेलंच माहितीये. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं तेव्हापासून वरणभात मिक्सरला, खिचडी मिक्सरला, सफरचंद मिक्सरला. डॉक्टर म्हणाले आता मिक्सर कपाटात ठेवा, हाताने कुस्करा, काट्याने दाबा, पण गाठी राहू दे, आठ-नऊ महिन्यांच्या सुमाराला जाडसर खायची सवय लागली नाही तर पुढे चावायचा कंटाळा करतात. छोटूची आई म्हणाली पण दात कुठेत त्याला. तर म्हणे हिरड्या असतात ना, आपलं बोट देऊन बघा काय जोर असतो.

देऊन बघितलं. असतो!

11 जून, मंगळवार

नाचणीचे लाडू. पूर्ण फसले. तूप हात राखून घातलं (शहाणपणा) आणि गुळाऐवजी खजूर वाटून घातला, वळले तेव्हा छान होते, चार वाजेपर्यंत गोट्या झाल्या. ढोल्याने एक भिंतीवर मारला. भिंतीला खूण पडलीये लाडवाला नाही.

14 जून, शुक्रवार

नाचणी सोडणार नाही, भावाने संगमेश्वरहून पाच किलो पाठवलीये आणि माहेरचा माल आहे. पण आता कोंब आणून पीठ करायचं. आई (सासूबाई) म्हणाल्या त्याचं सत्त्व कर, आमच्या वेळी भिजवून वाटून फडक्यातून दूध गाळायचो, खाली साका बसायचा तो वाळवायचा. ते मी केलंय माझ्या मुलाच्या वेळी. चवीला आणि पोटाला मऊ असतं हे खरं, पण गाळताना टरफल सगळं जातं आणि नाचणीचं कॅल्शियम बरंचसं त्या टरफलातच असतं, मग नाचणी कशासाठी खायची. म्हणून गाळायचं नाही, कोंब आणायचे, वाळवायचं, भाजायचं, दळायचं, बारीक चाळणीने फक्त काडीकचरा काढायचा.

रात्री एक किलो भिजत घातली.

18 जून, मंगळवार

गेली. पूर्ण किलो गेली. भिजवली बारा तास, पंच्यात घट्ट बांधून दीड दिवस, कोंब असे सुंदर आले होते की फोटो काढून ग्रुपवर टाकला. आणि मग वाळवायला ऊन कुठाय? बाल्कनीत पसरली तर पावसाची झड, आत पसरली तर मुलं, शेवटी पलंगाखाली ताटात ठेवली आणि काल वास यायला लागला, आज बघते तर पांढरी लव. कुंडीत टाकली. आई म्हणाल्या सत्त्व आणि पापड हे उन्हाळ्याचं काम, जूनमध्ये कोण करतं. हे त्या शुक्रवारी पण सांगू शकल्या असत्या.

21 जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. तीन घरांतून वाणाची फळं आली, आंब्याच्या फोडी, फणसाचे गरे, जांभळं. जांभळाची बी काढून गर बोटाने कुस्करून दिला, गऱ्याचे धागे काढून बारीक तुकडे. बाकी काही करायला लागलं नाही. सगळ्यांचे कपडे जांभळे, संध्याकाळी दोन आयांचे चेहरे बघण्यासारखे होते.

1 जुलै, सोमवार

नाचणी दुसरी फेरी आणि या वेळी जमली!! अर्धाच किलो घेतली. कोंब अगदी डोकावले न डोकावले तेवढ्यात थांबवलं, लांब होऊ दिले नाहीत. मोठ्या चादरीवर एका थरात पसरून हॉलमध्ये रात्रभर पंखा फुल, सकाळी हाताला ओल लागत नव्हती तरी विश्वास ठेवला नाही, लोखंडी कढईत मंद गॅसवर थोडी थोडी करून खमंग वास येईपर्यंत भाजली. मग गिरणीत. गिरणीवाले दादा म्हणाले आधी कोणाचं तिखट दळलं नाहीये ना बघून घालतो थांबा, बाळाचं आहे ना. असे लोक असतात म्हणून चाललंय सगळं.

आता यातली गंमत. साध्या नाचणीच्या पिठाची खीर एक चमचा पिठात वाटीभर पाणी घातलं तरी खळीसारखी घट्ट होते, मूल चार घास खातं आणि पोट भरतं, पण पोटात गेलं काय तर बहुतेक पाणीच. कोंब आले की धान्य स्वतःच आपल्या पिठुळपणाचे तुकडे तुकडे करायला लागतं, त्यामुळे हे पीठ शिजवल्यावर पातळ राहतं. तेवढ्याच वाटीत दोन चमचे पीठ बसलं आणि वर चमचाभर शेंगदाण्याचं कूट, तूप. छोट्या पोटात जास्त माल. आणि गोडी थोडी आपोआपच येते, केळं कुस्करून घातलं तर गुळाची आठवणही येत नाही.

पण नाचणीचा जो उदोउदो चालतो ग्रुपवर त्याला माझा थोडा विरोध आहे. 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, बरोबर, धान्यांत हिच्या जवळपास कोणी नाही. पण 100 ग्रॅम नाचणी कुठलं मूल खातं? माझ्या वाटीत 15 ग्रॅम पीठ असतं, म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 लागतं. चांगली आहे, पण ती खाल्ली म्हणून दूध दही बंद करायचं असं नाही. (एका घराने केलं होतं.)

8 जुलै, सोमवार

पहाटेपासून कोसळतोय, गाड्या बंद, तीनच मुलं आली. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड केली, लसणाची फोडणी, मिरची नाही. ताट चाटून पुसून. बाहेर असा पाऊस आणि आत तीन मुलं पाटावर बसून उकड खातायत, बघून मलाच बरं वाटलं.

12 जुलै, शुक्रवार

गुळावरून ग्रुपवर मोठी चर्चा, एकशे चाळीस मेसेज. मी लिहिलं होतं की दोन वर्षांपर्यंत साखर नाही, गूळही नाही, आणि वर्षाच्या आत तर मीठ पण नाही. बबडीची आजी म्हणाली गूळ कसा काय साखर, गुळात लोह असतं. असतं, पण चमचाभर गुळात असून असून किती असणार, त्यासाठी चमचाभर साखरच पोटात घालायची का. त्या म्हणाल्या मग खजूर चालतो तो गोड नाही का. यावर मात्र मला थोडा वेळ गप्प बसावं लागलं कारण मुद्दा बरोबर आहे. खजूर पण गोडच आणि दाताला चिकटतो तो वेगळा. अख्खं फळ आहे, चोथा पोटात जातो, एवढाच फरक. मग असं ठरलं की खजूर आठवड्यातून दोनदा, एका मुलाला एक, बी मी स्वतः काढणार आणि नंतर सगळ्यांना पाणी.

मधाबद्दल मात्र चर्चा नाही. छोटूच्या घरी कोणीतरी जिभेवर मध लावायचं म्हणत होतं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, अंग लुळं पडतं. आणि चहा, तो पण बंद, दोन आज्या बशीत बिस्किट बुडवून देतात हे मला मुलांनीच सांगितलंय. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा डाळीच्या धिरड्यावर लिंबू पिळा, त्याने उलट लागतं.

16 जुलै, मंगळवार

उद्या आषाढी, सुट्टी, म्हणून राजगिरा आजच. लाह्या घरी फोडल्या. तापल्या कढईत एकेक चमचा टाकायचा, टाकला की फडक्याच्या बोळ्याने हलवायचं, दहा सेकंदात पांढरं फूल, तेवढ्यात काढायचं, अकराव्या सेकंदाला जळतो.

सुक्या लाह्या वाटीत दिल्या ही चूक. वर पंखा चालू ही दुसरी चूक. पूर्ण हॉल पांढरा, परीच्या केसात, मोनूच्या कानात, आणि सगळी खूश, कोणी खातच नाहीये. मग सोनूने बोट चाटून ओलं केलं आणि जमिनीवरच्या लाह्या टिपायला सुरुवात केली, ते बघून बाकीचे पण. मी केरसुणी घेऊन उभी.

दुसऱ्या घाण्याच्या दह्यात कालवून दिल्या, दही लाह्या आणि कुस्करलेला चिकू. हे हिट. लाह्या पाच मिनिटात मऊ होतात म्हणजे नाकात-घशात जायची भीती नाही. छोटूने दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. त्याच्या नावापुढे रोज हेच लिहितेय, दोन चमचे, एक चमचा, नाही.

30 जुलै, मंगळवार

आजचा दिवस नको. सोनू-मोनूची आई म्हणाली अंडं देऊन बघा काकू, घरी दिलंय. उकडून, काट्याने कुस्करून, पोळीबरोबर दिलं. वीस मिनिटांत मोनूच्या पोटावर पाठीवर गांधी उठल्या, ओठ सुजल्यासारखा. श्वास नीट होता, खेळत होता, तरी त्याला उचलून रिक्षाने सरळ डॉक्टरांकडे, बाकीची मुलं आई आणि ह्यांच्यावर सोडून. औषध दिलं, तासाभरात उतरलं. आणि सोनूला, त्याच आईच्या पोटच्या जुळ्याला, काही म्हणता काही नाही.

नंतर कळलं घरी दिलं होतं ते केकमध्ये. केकमधलं भाजलेलं अंडं पचणारं मूल उकडलेल्याला अंगावर आणू शकतं, डॉक्टर म्हणाले. मोनूचं अंडं सध्या बंद, ते तपासून पुढे सांगतील.

नियम, आजपासून, लेखी: नवीन पदार्थ आधी घरी, दिवसा, थोडासा, तीन दिवस तोच, आणि मग माझ्याकडे. माझ्या घरात कुठलाच पदार्थ कोणाचा पहिलाच नसेल. हा नियम मला पहिल्या दिवशी सुचायला हवा होता.

लगेच दोन घरांनी शेंगदाणा पण बंद करा म्हणून फोन. तेही डॉक्टरांना विचारलं. उलट म्हणाले बंद करू नका. पूर्वी उशिरा द्या म्हणायचे, 2015 साली लंडनच्या अभ्यासात दिसलं की ज्या बाळांना धोका जास्त होता त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला तर पुढे त्याची ॲलर्जी बरीच कमी झाली. फक्त अख्खा दाणा नाही, चार-पाच वर्षांपर्यंत नाहीच, बारीक कूट करून कशात तरी कालवूनच. तेच फुटाणे, कच्चं गाजर, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं. द्राक्ष द्यायचं तर उभे चार भाग.

5 ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. अंडी अशीही चार घरांत बंद झाली, मोनूला एकटं वाटणार नाही.

आज कोणी किती खाल्लं लिहायचा तक्ता मी बंद केला. कारण असं की शुक्रवारी बबडीची आई आली आणि "आज अर्धीच वाटी?" म्हणून तिथेच दारात तिला केळं भरवायला लागली, पोर तोंड मिटून बसलेली, आई घड्याळ बघतेय. आणि मग मला दिसलं की मी पण तेच करतेय, तक्त्यात पूर्ण वाटी लिहायला मिळावी म्हणून शेवटचे दोन घास "चिऊचा, काऊचा" करून कोंबतेय. माझ्या तक्त्यासाठी! आता फक्त काय केलं ते लिहायचं. मी ताटलीत ठेवणार, सगळे एकत्र गोल बसणार, मी पण त्यातच बसून तेच खाणार, वीस मिनिटांनी ताटल्या उचलणार. कोणी नाही खाल्लं तर नाही खाल्लं. रात्री जेवेल.

बोलणं सोपं आहे. पहिल्याच दिवशी परीने काही खाल्लं नाही आणि मी संध्याकाळी तिच्या आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

14 ऑगस्ट, बुधवार

नऊ दिवस झाले. परी तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांच्या ताटलीतलं उचलून खायला लागली. स्वतःच्या ताटलीत तेच आहे, पण नाही, त्यांच्यातलंच. चालेल.

धिरडी सगळ्यात जास्त चालतायत म्हणून सविस्तर लिहून ठेवते. एक वाटी सालीची मूगडाळ, अर्धी वाटी तांदूळ, चार तास भिजवून वाटायचं, फार गुळगुळीत नाही. त्यात किसलेला दुधी किंवा लाल भोपळा वाटीभर, जिरं, हळद, कोथिंबीर अगदी बारीक. इथे थांबायचं आणि छोटूची पळीभर बाजूला काढायची, मग बाकीच्यात मीठ, तेही हात आखडून. बिडाच्या तव्यावर तूप सोडून जाडसर घालायचं, कुरकुरीत नाही करायचं, कुरकुरीत कडा छोट्यांच्या टाळूला टोचतात. निवलं की कात्रीने दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, स्वयंपाकघरातली वेगळी कात्री.

पट्ट्यांचं महत्त्व मला दोन महिन्यांनी कळलंय. बारीक तुकडे केले की बबडीला चिमटीत धरता येत नाहीत, सांडतात, चिडते. मुठीत धरून मुठीच्या वर अर्धा भाग शिल्लक राहिला पाहिजे, तो चावायचा. रताळं, धिरडं, थालीपीठ, इडलीच्या पण उभ्या फोडी. जून महिन्यात मी पाककृती शोधत होते, नाचणीचा केक काय आणि मखाण्याचं काय काय, रात्री अकरापर्यंत व्हिडिओ. पदार्थ कुठला हे या लोकांच्या दृष्टीने फार नंतर येतं, आधी तो हातात राहतो का आणि शेजारचा खातोय का.

मखाणे राहिलेच, ते भाजून पूड करूनच वापरते, अख्खा मखाणा लाळेने चिकट होतो आणि मला त्याचा भरवसा वाटत नाही.

छोटू पट्टी धरतो, चोखतो, जमिनीवर घासतो, परत चोखतो. गिळतो किती देव जाणे. घरी मिक्सर कपाटात गेलाय असं आई सांगते, तिच्यावर विश्वास आहे.

31 ऑगस्ट, शनिवार

महिन्याचा हिशोब. जमा 1,750. खर्च: मूगडाळ, तांदूळ, राजगिरा, शेंगदाणे, खजूर मिळून 620, तूप 350, भाज्या-रताळी-फळं 540, दूध-दही 190, गिरणी 30. एकूण 1,730. वीस रुपये नफा, गॅस आणि माझे कष्ट धरले नाहीत, नाचणी माहेरची फुकट. पुढच्या महिन्यापासून 300 करायला लागतील. सांगायचा संकोच वाटतोय पण सांगणार. सहावं घर, जे बघू म्हणालं होतं, ते जुलैपासून देतंय आणि न मागता.

9 सप्टेंबर, सोमवार

गणपतीनंतरचा पहिला दिवस, चारच मुलं, बाकी गावाला. उद्या गौरी येणार म्हणून घरात पसारा, खाऊला वेळ नाही. शनिवारची मोदकाची उकड उरली होती ती आईंनी तेव्हाच निवगऱ्या करून संपवली होती, आज त्या म्हणाल्या थोडी पिठी राहिलीये, परत उकड काढते, मुलांना निवगऱ्याच दे.

गंमत बघा, तीन महिने मी जगभरचं शोधलं आणि हा पदार्थ दर चतुर्थीला माझ्या स्वयंपाकघरात होत होता. तांदळाची उकड, त्यात जिरं, कोथिंबीर, ओलं खोबरं थोडं वाटून (मिरची मोठ्यांच्यात), चपट्या थापायच्या आणि दहा मिनिटं वाफवायच्या. मऊ, हातात धरली तर तुटत नाही, तोंडात विरघळते, तेल नाही. वर तूप. मी त्या गोल न करता लांबट वळल्या, आई बघत होत्या, म्हणाल्या या कसल्या निवगऱ्या, बोटं वाटतायत, पण नंतरच्या त्यांनीही तशाच वळल्या.

परवा छोटूचा पहिला वाढदिवस झाला. म्हणजे आज पहिल्यांदा त्याच्यासाठी पीठ वेगळं काढलं नाही, सगळ्यांच्यातलंच, चिमूटभर मिठाचं. चौघं गोल बसले, मी आणि आई पण. तो आधी आईंच्या हाताकडे बघत बसला, मग स्वतःची उचलली, अर्धी चोखली, चावली, दिसत होतं चावताना, दोन दात आलेत खाली, आणि गिळली. मग दुसरी. मग हात पुढे करून शास्त्रीबुवांची.

शास्त्रीबुवा: "काकू, हा माझी का खातोय?"

उद्या पाळणाघर बंद. शुक्रवारी सुरू, पाव किलो नाचणी भिजत घालायची गुरुवारी रात्री, ऊन पडतंय आता.